नऊपैकी सात, नऊपैकी चार

ऐरोलीच्या माइंडस्पेसमध्ये मी काय करतो हे नातेवाइकांना सांगायचं तर मी "अमेरिकेतल्या पेशंटच्या फाईली वाचतो" म्हणतो आणि विषय बदलतो. खरं तर एवढंच आहे. तिकडच्या विमा योजनांना दरवर्षी सरकारला आणि इतरांना दाखवावं लागतं की आमच्या सभासदांना बरी सेवा मिळाली. त्यासाठी ठरलेली मापं असतात, त्यांना मेझर म्हणतात. काही मेझरसाठी बिलांचा डेटा पुरत नाही, मग प्रत्यक्ष केसपेपर उघडावे लागतात. एकेका मेझरचा नमुना साधारण ४११ जणांचा. फेब्रुवारी ते मे हा आमचा सीझन. या काळात रजा मागायची नाही, हापूस खायचा तो डब्यातून.

उदाहरण सांगतो. मूल दोन वर्षांचं होईपर्यंत ठरलेल्या सगळ्या लसी झाल्या का, हे एक मेझर. डॉक्टरने फाईलमध्ये "लसीकरण पूर्ण" असं लिहिलं असेल तर आम्ही ते धरत नाही. तारीख पाहिजे, लसीचं नाव पाहिजे. मूल टुणटुणीत आहे, आई दर वेळी घेऊन आली आहे, डॉक्टरचं अक्षरही सुवाच्य आहे, पण एका डोसाची तारीख नाही म्हणून ते मूल न्यूमरेटरमध्ये, म्हणजे माप पूर्ण केलेल्यांत, बसत नाही. डिनॉमिनेटरमध्ये, म्हणजे एकूण मोजलेल्यांत, मात्र राहतं. नव्या पोरांना हे फार लागतं. ट्रेनिंगमध्ये हमखास कुणीतरी विचारतं, "सर, हे ठरवलं कुणी?" आणि ट्रेनर म्हणतो, "क्लायंटने," म्हणजे तिकडच्या विमा कंपनीने. ते उत्तर चूक आहे. क्लायंटच्या हातात यातलं फार थोडं असतं.

कुणी ठरवलं हे शोधताना मुलांच्या मापांच्या यादीची गोष्ट मला सापडली. मेडिकेड म्हणजे अमेरिकेतली कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी विमा योजना. पैसा केंद्राचा आणि राज्यांचा मिळून, कारभार राज्यांचा. तिच्या जोडीला मुलांसाठी चिप नावाची दुसरी योजना आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी चिपच्या नूतनीकरणाच्या कायद्यावर सही केली. त्यात एक कलम होतं: या दोन्ही योजनांतल्या मुलांना मिळणाऱ्या सेवेचा दर्जा मोजायला मूळ मापांची एक यादी १ जानेवारी २०१० पर्यंत जाहीर करा. म्हणजे वर्षसुद्धा हाताशी नाही. तोपर्यंत प्रत्येक राज्य आपापल्या मनाने मोजत होतं, त्यामुळे एका राज्याचे आकडे दुसऱ्या राज्याशेजारी ठेवून काही कळत नव्हतं.

काम आलं 'आर्क' नावाच्या आरोग्य संशोधन संस्थेकडे. तिची एक राष्ट्रीय सल्लागार परिषद आहे, त्या परिषदेने उपसमिती नेमली. राज्यांच्या मेडिकेडचे अधिकारी, बालरोगतज्ज्ञ, आणखी काही जाणकार. तिथे १९७२ पासून सल्लागार समित्यांचा कायदा आहे. त्यामुळे अशा समितीच्या बैठकीची सूचना आधी राजपत्रात द्यावी लागते आणि बैठक लोकांना खुली असते. बंद खोलीत ठरवून मग पत्रकार परिषद घ्यायची, असं सहसा चालत नाही. समितीपुढे शंभराहून अधिक मापं होती, बहुतेक कुठे ना कुठे आधीच वापरात असलेली.

आता खरी गंमत. प्रत्येक मापाला प्रत्येक सदस्याने १ ते ९ गुण द्यायचे. पहिला प्रश्न व्हॅलिडिटीचा: हे केलं तर मुलाची तब्येत सुधारते याला पुरावा आहे का, आणि ते करणं डॉक्टरच्या किंवा योजनेच्या हातात आहे का? दुसरा फीजिबिलिटीचा: मोजता येईल का? डेटा मिळतो का, व्याख्या नीट लिहिलेली आहे का, खर्च किती? या पद्धतीला डेल्फी म्हणतात. तिची वैद्यकातली ही सुधारित आवृत्ती रँड कॉर्पोरेशन ही संशोधन संस्था आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा यांनी बसवली. आधी प्रत्येकजण आपल्या जागी बसून, कुणाला न विचारता गुण देतो. मग सगळे समोरासमोर बसतात. प्रत्येकाच्या हातात कागद असतो, त्यावर त्याचे स्वतःचे गुण आणि बाकीच्यांचे गुण कसे पसरलेत ते, नावांशिवाय. चर्चा होते आणि पुन्हा गुण देतात, पुन्हा प्रत्येकजण आपापले. निकाल सरासरीवर लागत नाही, मध्यकावर लागतो, म्हणजे गुण चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो त्यावर. दहावीला मध्यक कशाला शिकवतात हे मला तेव्हा कळलं. एखाद्याने हट्टाने १ किंवा ९ ठोकला तर सरासरी हलते, मध्यक तसा हलत नाही.

आमच्या कोपरीतल्या सोसायटीची सर्वसाधारण सभा ज्याने पाहिली आहे त्याला याचं मोल कळेल. सेक्रेटरी हात वर करतो, मग त्याच्या विंगचे हात वर होतात, मग ज्यांना घरी जाऊन जेवायचं आहे त्यांचे. पार्किंगचा ठराव असाच पास झाला.

तर, पुढच्या फेरीत जायला व्हॅलिडिटीचा मध्यक किमान ७ हवा आणि फीजिबिलिटीचा किमान ४. हे दोन आकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. सात आणि चार! म्हणजे पुराव्यात तडजोड नाही, पण मोजायला अवघड असेल तर चालेल, अगदीच अशक्य नसलं म्हणजे झालं. आमच्याकडे, आणि फक्त आमच्या ऑफिसबद्दल बोलत नाही मी, नेमकं उलटं चालतं. जे सिस्टीममधून एका क्लिकवर निघतं ते आधी डॅशबोर्डवर जातं. त्याचा कशाशी संबंध आहे हे नंतर कुणीतरी शोधतो, किंवा शोधत नाही. ज्या कुणी ते सात-चार बसवलं, त्याच्या हाताखाली काम करायला मला आवडलं असतं.

यातून तरलेल्या मापांचं मग महत्त्व तोललं: किती मुलांना लागू, खर्च किती, राज्याराज्यांत आणि गरीब-श्रीमंतांत तफावत किती. शेवटी २४ मापं उरली आणि डिसेंबर २००९ च्या अखेरीस लोकांच्या सूचनांसाठी जाहीर झाली. गरोदर बाईची पहिली तपासणी वेळेत झाली का, जन्मतः वजन अडीच किलोपेक्षा कमी किती बाळांचं, लसी, पहिल्या तीन वर्षांत वाढीची तपासणी, दातांची तपासणी, दम्यामुळे इमर्जन्सीत यावं लागणं, अतिदक्षता विभागात सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून, होणारा जंतुसंसर्ग. यादी वाचताना जाणवतं की "काय केलं" हे विचारणारी मापं खूप आहेत आणि "मूल बरं झालं का" हे विचारणारी मोजकी. आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्येच सेवेच्या दर्जाचे रचना, प्रक्रिया आणि परिणाम असे तीन भाग केले होते. पण परिणाम मोजणं महाग पडतं, उशिरा कळतं, आणि त्याचं श्रेय की दोष कुणाचा यावर भांडणं होतात. म्हणून समित्या प्रक्रियेपाशी थांबतात. मानसिक आरोग्याच्या वाट्याला तेव्हा फार थोडं आलं, ते मला पटलेलं नाही. आणखी एक: ही यादी राज्यांसाठी ऐच्छिक होती. सक्तीची झाली ती २०२४ पासून. आमच्या मजल्यावर खुर्च्या वाढल्या त्याच सुमारास, याचा संबंध असेल-नसेल.

एवढं चाळून घेतलेलं मापही फसू शकतं. न्यूमोनियाचं प्रकरण या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. पेशंट हॉस्पिटलात आल्यापासून चार तासांत अँटिबायोटिक द्या, असं एक माप तिकडे मोठ्यांसाठी होतं. अभ्यासांचा आधार होता, मोजायला सोपं होतं. झालं काय, घड्याळ चुकू नये म्हणून इमर्जन्सीतले डॉक्टर निदान पक्कं व्हायच्या आधीच औषध सुरू करू लागले. खोकला आणि धाप दिसली की अँटिबायोटिक. ज्यांना न्यूमोनिया नव्हताच त्यांनाही. मग चाराचे सहा तास केले आणि पुढे ते मापच काढून टाकलं. म्हणून यादी एकदा करून कपाटात ठेवता येत नाही, दरवर्षी तपासून काही घालावं आणि काही काढावं लागतं.

माझी वहिनी नवी मुंबईत एका पालिकेच्या प्रसूतिगृहात सिस्टर आहे, लेबर रूमला. तिला माझ्या कामाचं अप्रूप नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, २०१३ पासून. त्यांचे आठ विभाग, त्याखाली मानकं, त्याखाली चेकपॉइंट, प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. प्रमाणपत्राला ७० टक्के लागतात. बाळंतपणासाठी २०१७ च्या डिसेंबरपासून 'लक्ष्य' हा वेगळा कार्यक्रम. मला यातलं आवडतं ते हे की तपासायला येणारे फक्त रजिस्टर बघत नाहीत. काही गोष्टी डोळ्यांनी बघतात, काही सिस्टरला विचारतात, काही पेशंटला. आम्ही ऐरोलीत बसून फक्त कागद बघतो.

एका रविवारी दादाकडे जेवण झाल्यावर मी सात-चारचा खेळ काढला. तिघांनी चिठ्ठीवर गुण द्यायचे, दाखवायचे नाहीत. पहिलं माप: पार्टोग्राफ, म्हणजे कळा सुरू असताना वेळोवेळी भरायचा तक्ता, पूर्ण भरलेला आहे का? मी फीजिबिलिटीला ९ दिले. कागद आहे, भरलाय की नाही ते दिसतं. वहिनीने ४.

"भावजी, बाळंतपण झाल्यावर बसून भरलेला पार्टोग्राफ तुम्हाला ओळखू येतो का?"

नाही येत. फाईलमध्ये तो सगळ्यात सुंदर दिसतो.

दुसरं: जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर पाजलं का? याला वहिनीने व्हॅलिडिटी ९ दिली आणि म्हणाली, हे आईलाच विचारायचं, रजिस्टरला नाही, आई खोटं बोलत नाही. दादा एमएसईबीत आहे, त्याने सगळ्याला ७ दिले होते, कारण त्याला टीव्ही लावायचा होता.

मग वहिनीने स्वतःचं माप सुचवलं. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये किती बायका आहेत आणि किती सिस्टर आहेत. मंजूर पदं किती ते नको, त्या क्षणी उभ्या किती. व्हॅलिडिटी ९, फीजिबिलिटी ९, ड्युटी रजिस्टर भिंतीलाच टांगलेलं असतं, असं तिचं म्हणणं. मी सवयीने व्याख्या विचारल्या. दोन वाजता म्हणजे नेमके दोन, की एक ते तीनमधलं कधीही? पेशंटबरोबर ॲम्ब्युलन्समधून मोठ्या हॉस्पिटलला गेलेली सिस्टर धरायची का? "ती तर धरायचीच नाही, तेव्हाच तर पंचाईत होते," वहिनी म्हणाली. आणि ट्रेनी? वहिनी म्हणते नाही. दादा, टीव्ही विसरून, म्हणतो की हात चालतात तर धरा, आमच्याकडे अप्रेंटिस खांबावर चढतात. यावर त्या दोघांचं अजून जमलेलं नाही. तोवर व्याख्या अपुरी आहे, त्यामुळे फीजिबिलिटीचे माझे गुण मी दिलेले नाहीत.