सेमिस्टर उद्यापासून, आणि मी जुन्या वह्या काढून बसले

रविवार, रात्र

दुपारी टाइमटेबल आलं. वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. मंगळवारी सलग लॅब, गुरुवारी सकाळी लवकरचं लेक्चर, बाकी ठीक. त्याच्यावर जास्त वेळ घालवला नाही, पहिल्या आठवड्यात ते बदलतंच.

आजचा दिवस गेल्या सेमच्या वह्यांना दिला. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा तिला नवल वाटलं. "अगं, नवीन सेम सुरू होतंय आणि तू मागचं काय उकरत बसलीस? पेपर झाले, निकाल लागला, संपलं की ते!" मला हे पटत नाही. पेपर संपला की विषय संपला असं धरून आपण पुढच्या वर्गात जाऊन बसतो. मग सर "हे तुम्हाला येतंच" म्हणून फळ्यावर एक ओळ लिहितात आणि नेमकी तीच ओळ आठवत नाही. तिथून पुढचा तास नुसता उतरवून घेण्यात जातो. नवा विषय जड जातोय असं आपण म्हणतो खरं, पण बऱ्याचदा नवं जड नसतं, त्याच्याखालचं जुनं निसटलेलं असतं.

या सेमला क्वांटम मेकॅनिक्स आहे. वर्षभर वाट पाहिलेला विषय. सिलॅबस उघडला आणि पहिल्या युनिटच्या बाजूला पेन्सिलने लिहीत गेले, की याला आधीचं काय काय लागेल: मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकोनी तक्ते), आयगेनव्हॅल्यू, कॉम्प्लेक्स नंबर, डिफरन्शियल इक्वेशन, थोडी प्रोबॅबिलिटी. नवं काय शिकणार ते सिलॅबसमध्ये असतं, ही दुसरी यादी आपली आपणच करावी लागते.

मग वही बंद ठेवून कोरा कागद घेतला. अगदी साधी मॅट्रिक्स मांडली: वरच्या ओळीत २ आणि १, खालच्या ओळीत १ आणि २. कर्णावरच्या दोन्ही आकड्यांतून लॅम्डा वजा केला, डिटर्मिनंट शून्य धरला, लॅम्डाच्या किमती आल्या ३ आणि १, याच तिच्या आयगेनव्हॅल्यू. इथपर्यंत हात आपोआप चालला. त्यांचे व्हेक्टर काढले, म्हणजे मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्यांची दिशा बदलत नाही, ते नुसते तेवढ्या पट होतात: एक (१, १), दुसरा (१, −१). दोघांचा डॉट प्रॉडक्ट शून्य, म्हणजे ते एकमेकांना काटकोनात आहेत. मॅट्रिक्स सिमेट्रिक (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी) असली आणि आयगेनव्हॅल्यू वेगळ्या असल्या की हे असंच होणार, एवढं आठवत होतं. का होणार, ते मात्र कागदावर उतरेना. तेव्हाच वही उघडली. सिद्धता दोन ओळींची निघाली: एकाच गुणाकाराची किंमत दोन बाजूंनी काढायची आणि वजाबाकी करायची. आयगेनव्हॅल्यूंमधला फरक शून्य नाही, मग डॉट प्रॉडक्टलाच शून्य व्हावं लागतं. किती सुंदर आहे हे! परीक्षेच्या घाईत मी याच ओळींवरून नुसती नजर फिरवली असणार.

आणि हीच गोष्ट येत्या विषयाच्या मुळाशी आहे. क्वांटममध्ये मोजता येणाऱ्या प्रत्येक राशीसाठी एक हर्मिशियन ऑपरेटर (सिमेट्रिक मॅट्रिक्सचंच कॉम्प्लेक्स नंबरांतलं रूप) असतो आणि मोजल्यावर जी उत्तरं येऊ शकतात त्या त्याच्या आयगेनव्हॅल्यू. माझी २ आणि १ची चिमुकली मॅट्रिक्स हा त्याचाच सगळ्यात साधा नमुना. बंद वहीने तासभर बसल्याचं चीज झालं.

वही बंद ठेवण्यामागे कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग मी वाचला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला ते येतं असा भास होतो. कोऱ्या कागदावर तो भास टिकत नाही.

विसरलेलं दिसलं की मन खट्टू होतं, ते माझंही झालं. पण एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून जे मांडलं, त्याचा दुसरा भाग मला फार धीर देतो. विसरण्याचा वेग सगळे सांगतात. त्याने मोजलं होतं ते, तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो. महिन्याने अक्षरं आठवेनाशी झाली तरी सुमारे एक पंचमांश वेळ वाचत होता, आणि ती अक्षरंसुद्धा अर्थहीन होती. समजून शिकलेलं याहून जास्तच उरत असणार, असं आज त्या सिद्धतेपाशी वाटलं. पहिल्यांदा शिकताना लागला होता त्याच्या मानाने वेळ काहीच लागला नाही.

मैत्रिणीला फोनवर क्वांटम मेकॅनिक्सच्या जन्मावेळची, बोर्न आणि हायझेनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांची गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे ती गप्प झाली. १९२५च्या उन्हाळ्यात हायझेनबर्गने आपला लेख माक्स बोर्नच्या हाती दिला. त्यात गुणाकाराचा एक चमत्कारिक नियम होता, क्रम बदलला की उत्तर बदलायचं. बोर्नला चैन पडेना. मग लक्षात आलं की हा तर मॅट्रिक्सचा गुणाकार, ब्रेस्लाउला शिकत असताना रोझानेस या प्राध्यापकांच्या लेक्चरमध्ये ऐकलेला! हायझेनबर्गला तेव्हा मॅट्रिक्स ठाऊक नव्हत्या. वीसेक वर्षांपूर्वीच्या एका वर्गातलं गणित बोर्नच्या डोक्यात राहिलं होतं आणि ऐन वेळी उपयोगी पडलं. "पाठव मला ती यादी," मैत्रीण म्हणाली.

बाकीची तयारी पटकन उरकली. लॅपटॉपवर प्रत्येक विषयाचा फोल्डर केला, इंटर्नलच्या अपेक्षित तारखा एकाच पानावर आणल्या. नव्या वह्या घेतल्या नाहीत, जुन्यांची कितीतरी पानं कोरी आहेत. टाइमटेबलमध्ये शुक्रवारी शेवटच्या लेक्चरनंतरचा तास राखून ठेवलाय: त्या आठवड्यात झालेलं न बघता लिहायचं, अडेल तिथे खूण करायची आणि सोमवारी विचारायचं.

विचारायच्या प्रश्नांचं पान आजच सुरू केलं. पहिला प्रश्न: माझ्या मॅट्रिक्सला दोन ओळी, म्हणून दोन उत्तरं. पण कणाची जागा तर कुठलीही असू शकते. मग जागेच्या मॅट्रिक्सला ओळी किती?