माय फादर आर

केसपेपरच्या पहिल्याच ओळीत रुग्णाची तक्रार लिहिलेली असते: 'फीव्हर सिन्स थ्री डेज'. नर्सिंगमध्ये तीस वर्षांच्या वर काढली, गावं बदलली, वॉर्ड बदलले, ही ओळ काही बदलली नाही. नवा इंटर्न असो की मोठे एम.डी., ताप नेहमी 'सिन्स'च. आणि दरवेळी मला आपल्या शाळेतला आठवी 'ब'चा फळा आठवतो. त्यावर खडूची एक आडवी रेघ, आणि रेघेच्या डाव्या टोकाला ठळक ठिपका. ठिपका म्हणजे 'सिन्स', रेघ म्हणजे 'फॉर'. "सोमवारपासून म्हटलं की ठिपका. तीन दिवस म्हटलं की रेघ. मराठीत दोन्हीकडं 'पासून' खपतं, म्हणून तुम्ही तिथं घसरता," सर सांगायचे.

इंग्रजीच्या या सरांना आम्ही पाठीमागं 'थर्ड पर्सन' म्हणायचो. हे त्यांना माहीत होतं. एकदा वर्गात शिरताना कुणीतरी "आला, थर्ड पर्सन आला" असं कुजबुजलं, तर म्हणाले, "आला नाही, आले. आणि इंग्रजीत सांगायचं तर 'कम्स'. एस विसरू नकोस."

हा एस म्हणजे आमच्या जिवाला घोर होता. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून आलं ते २००० साली), त्यामुळं दहाव्या वर्षी चौरेघी वहीत एबीसीडी गिरवायला लागलेली आमची पिढी. 'आय गो, यू गो, वुई गो' इथवर गाडी सुरळीत चालायची आणि 'ही'पाशी अडायची. ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव आलं की क्रियापदाला एस लागतो, हे पाठ होतं. पण प्रश्न विचारताना 'डझ ही गोज' व्हायचंच. सर म्हणायचे, "एस हा एकटा पाहुणा आहे. डझच्या घरी जेवला, तर पुन्हा गोच्या घरी कशाला जेवेल?" भूतकाळात 'डिड यू वेंट' म्हणणाऱ्याला वेगळा उतारा होता. "भूत एकालाच लागतं. डिडच्या मानगुटीवर बसलंय ना? मग वेंटला मोकळं सोड, त्याचा गो कर." वर्ग हसायचा. पण त्यानंतर 'डिड' लिहिताना हात आपोआप सावध व्हायचा. अजूनही होतो.

'आय ॲम गो टू स्कूल' हे तर आमच्या गावाचं घोषवाक्यच होतं. चूक कुठून यायची ते सरांनी बरोबर हेरलं होतं. पाचवीत आम्ही पहिलं वाक्य शिकलो ते 'आय ॲम अ गर्ल', म्हणून 'आय ॲम' हा एकच शब्द आणि त्याचा अर्थ 'मी', असं डोक्यात बसलेलं. सर ते वाक्य शब्दाला शब्द ठेवून उलट मराठीत करून दाखवायचे: "मी आहे जा शाळेला." एवढं पुरायचं.

'अ' आणि 'ॲन'चा तास एस.टी. स्टँडवर झाला. सहल कुठं गेली होती ते आता आठवत नाही, पण परतताना गाडी लागली नव्हती आणि सरांना वेळ वाया घालवणं माहीत नव्हतं. ए, ई, आय, ओ, यू आलं की 'ॲन', हे गाईडात होतं. सर म्हणाले, "अक्षर बघू नका, कानानं ऐका. बस म्हणायची तर 'अ बस'. एस.टी. म्हणायची तर?" आम्ही सगळे एका सुरात "अ एस.टी." म्हणालो. "तोंड उघडताना पहिला आवाज कुठला निघाला? ए. मग 'ॲन एस.टी. बस'. आमदार आला तर 'ॲन एम.एल.ए.', खासदार आला तर 'ॲन एम.पी.'." अवरमधला एच मुका म्हणून 'ॲन अवर', युनिव्हर्सिटीची सुरुवात यनं होते म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. शेजारी बसलेले एक आजोबा सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आन् मास्तर, गाडी न्हाईच आली तर काय लावायचं?"

सरांचं मराठीचं वेड इंग्रजीच्या तासाला जास्त उफाळायचं. 'वुई' शिकवताना ते म्हणाले, इथं इंग्रजी आपल्यापुढं गरीब आहे. 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला जाऊ', दोन्हींना 'वुई'. पाहुण्याला कळायचं कसं, आपल्याला बोलावलंय की नाही ते? दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं आणि मराठीत विरामचिन्हं रुळवली ती मेजर कँडींनी, हेही मी त्याच तासाला ऐकलं. "तुमच्या मराठी निबंधातला पूर्णविराम साहेबाकडून आलाय. तेव्हा उसनवारी जुनीच आहे, भिऊ नका."

पॅसिव्ह व्हॉइसला मात्र त्यांचा खरा कस लागला. आम्हाला मराठीच्या तासाला कर्मणी प्रयोग झाला होता, आणि कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह असं आम्ही जुळवून मोकळे झालो होतो. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'रामने आंबा खाल्ला' आणि 'रामने पोळी खाल्ली'. क्रियापद कुणाकडं बघून बदललं? आंब्याकडं आणि पोळीकडं, म्हणून प्रयोग कर्मणी. पण खाणारा राम वाक्याच्या तोंडाशी तसाच उभा आहे. इंग्रजीत हे सरळ 'राम एट', म्हणजे ॲक्टिव्ह, आणि एटला आंबा काय, पोळी काय, सगळं सारखंच. पॅसिव्ह करायचं तर 'आंबा रामकडून खाल्ला गेला' असं होईल. "असं तुमच्या घरी कोण बोलतं?" कुणीच नाही. "सरकार बोलतं. 'आपणांस कळविण्यात येते की'. कोण कळवतंय, पत्ता नाही." पुढं नर्सेस नोटमध्ये 'इंजेक्शन वॉज गिव्हन' लिहायला लागले तेव्हा कळलं, इस्पितळही तसंच बोलतं. मग खाली सही करून 'कुणी'चं उत्तर द्यावं लागतं, तो भाग वेगळा.

आता थोडी तक्रारही लिहिते. स्मरणिकेत फक्त गोडच लिहावं असं मला वाटत नाही. पाचवी ते दहावी सहा वर्षांत आम्ही एकदाही इंग्रजीत बोललो नाही. उत्तरं दिली, फॉर्म्स घोकले (गो-वेंट-गॉन मी आजही झोपेत म्हणेन), डायरेक्टचं इनडायरेक्ट केलं, पण इंग्रजीत पाणीसुद्धा मागितलं नाही. १९८७ साली दहावी झाले, बारावीनंतर नर्सिंगला मिरजेला गेले, तर माझी रूममेट केरळची. ती मराठी-इंग्रजीची मिसळ करून धडाधड बोलायची, दर वाक्यात दोन चुका. मला तिच्या सगळ्या चुका दिसायच्या आणि माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पहिले तीन महिने मी मनात वाक्य जुळवायची, एस तपासायची, आणि तोवर विषय बदललेला असायचा. मला बोलतं केलं ते तिनं. त्याचं श्रेय शाळेला देता येणार नाही.

पण सातवीतली एक गोष्ट शाळेचीच. निबंध होता 'माय फादर'. मी लिहिलं, 'माय फादर आर फार्मर. दे गो टू फार्म. दे आर व्हेरी गुड.' सरांनी वही हातात घेऊन विचारलं, "किती वडील आहेत गं तुला?" वर्ग फुटला. मी बाकावर डोकं ठेवलं ते तास संपेपर्यंत वर काढलं नाही.

मधल्या सुट्टीत सरांनी शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. चूक सांगायला बोलावलं असेल असं वाटलं. म्हणाले, "मघाशी मी हसवायला नको होतं. तू असं का लिहिलंस, सांग." मी सांगितलं, आबा गेला असं आम्ही म्हणत नाही, आबा गेल्यात म्हणतो. मग आर नको? दे नको? ते जरा थांबले. मग म्हणाले, इंग्रजीत वडिलांनाही 'इज' आणि 'ही'च. पण तुझा विचार वेडा नाही. 'यू' एकट्याला म्हटलं तरी पुढं 'आर' का येतं, माहीत आहे? पूर्वी त्यांच्यातही 'तू'ला वेगळा शब्द होता, 'दाऊ'. 'यू' म्हणजे अनेकांना 'तुम्ही', आणि मानानं एकट्यालाही 'तुम्ही'. हळूहळू 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेला, आता सगळ्यांनाच 'यू', आणि सोबत ते अनेकवचनाचं 'आर' तसंच राहिलं. "म्हणजे इंग्रजीत सगळ्या जगाला अहोजाहो. वडिलांबद्दल लिहिताना 'ही' लिही, समोर बोलताना 'यू आर' म्हण. मान तिथं आहे."

तो निबंध मी पाच वेळा लिहून काढला. 'ही' लिहिताना आबांना अरे-तुरे केल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी आबा रानातून आले, बैल सोडत होते, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. इंग्रजीत लहान-मोठा नसतो, कुणालाही अहोजाहोच करतात.

आबांनी दावं बांधता बांधता विचारलं, "बैलाला बी?"

मी म्हटलं, हो, बैलालाही यू.

"मंग बरं हाय," म्हणाले आणि वैरण आणायला गेले.