हॉट रॉडसाठी पुढचे सस्पेन्शन घडवताना

हॉट रॉडला, म्हणजे मोठे इंजिन बसवून वेगासाठी नव्याने बांधलेल्या जुन्या मोटारीला, बहुधा पुढचे मडगार्ड नसतात, त्यामुळे ॲक्सल, स्प्रिंग, दांड्या आणि त्यांचे सांधे हे सगळे उघड्यावर असते आणि पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच त्यांच्या दिसण्याकडे जाते. घरी बांधत असलेल्या गाडीसाठी पुढचे सस्पेन्शन स्वतः घडवायचे ठरवले, तेव्हा मला मात्र एका प्रश्नाने आधी गाठले. एक चाक उंचवट्यावर चढले आणि दुसरे सपाटीवरच राहिले, तर ॲक्सलला कोणत्या दिशेने हलायची मोकळीक असावी आणि कोणत्या दिशेने अजिबात नसावी? माझ्या मते सगळी रचना याच प्रश्नाच्या उत्तरावर उभी असते.

फोर्डच्या जुन्या मोटारींना १९४८ पर्यंत पुढे सरळ ॲक्सल आणि एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग असे. ॲक्सलच्या दोन्ही टोकांपासून निघालेल्या दांड्या मागे गाडीच्या मध्यावर एकत्र येत आणि तिथे एकाच गोल सांध्यावर टेकत. सांधा एकच असल्यामुळे कोणतेही चाक वर-खाली झाले, तरी ॲक्सल आणि दांड्यांचा तो त्रिकोण अखंडपणे त्याच्याभोवती फिरे आणि ॲक्सलला पीळ पडत नसे. पुढे हौशी लोकांनी मोठी इंजिने बसवायला सुरुवात केली, तेव्हा तो मधला सांधा इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या आड येऊ लागला. मग त्या दांड्या मधोमध तोडून त्यांची टोके चॅसिसच्या दोन बाजूंना नेण्याची पद्धत पडली. आता सांधे दोन झाले. एक चाक वर गेले की त्या बाजूची दांडी आपल्या सांध्याभोवती फिरते आणि ॲक्सलचे ते टोक आपल्याबरोबर फिरवू पाहते. दुसरी बाजू मात्र जागची हलत नाही. ओले धोतर पिळावे तसा ॲक्सल पिळला जातो. जुना घडीव आय-बीम (इंग्रजी I अक्षरासारख्या छेदाचा) ॲक्सल हा पीळ सहन करतो, कारण त्या आकाराला पिळाविरुद्ध फारशी ताठरता नसते. नळीचा ॲक्सल मात्र पिळाला दाद देत नाही, आणि सगळा ताण दांड्या जोडणाऱ्या कंसांवर व त्यांच्या वेल्डिंगवर येतो.

माझ्याकडचा ॲक्सल नळीचाच होता, म्हणून दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार दांड्यांची रचना मी निवडली. एका बाजूची वरची व खालची दांडी समान लांबीची आणि समांतर ठेवली की त्यांचा समांतरभुज चौकोन होतो. ॲक्सल वर-खाली होताना फिरत नाही, त्यामुळे पीळ पडत नाही आणि कॅस्टर (चाक ज्या खिळीभोवती वळते तिचा मागचा झुकाव) हाही बदलत नाही. जुन्या वळणाच्या गाडीला हे शोभत नाही, असे काही जाणकार म्हणतात. दिसण्यापुरते त्यांचे म्हणणे मला पटते, पण नळीच्या ॲक्सलला मी दुसरी रचना जोडणार नाही.

कॅस्टर म्हणजे त्या खिळीचा, अर्थात किंगपिनचा, वरचा भाग मागे झुकलेला असणे. सरळ ॲक्सलच्या गाडीला तो साधारण ५ ते ७ अंश ठेवतात, म्हणजे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. हॉट रॉड नाकाकडे झुकलेली असते, म्हणून कंस टॅक करण्यापूर्वी, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडण्यापूर्वी, चॅसिस अंतिम उंचीवर आणि अंतिम झुकावात घोड्यांवर (टेकूंवर) ठेवणे अत्यावश्यक आहे. चॅसिस पातळीत ठेवून ६ अंश साधले आणि नंतर गाडीचे नाक २ अंश खाली आले, तर हाती ४ अंशच उरतात. मागच्या ॲक्सलच्या मध्यापासून दोन्ही किंगपिनपर्यंतची अंतरे मी ओळंबा सोडून जमिनीवर उतरवून घेतली, कारण चॅसिसच्या कडांवर विसंबता येत नाही.

कंसांसाठी ६ मिलिमीटरची पट्टी वापरली. दांडीचे टोक कंसाच्या दोन पाट्यांच्या, म्हणजे कानांच्या, मधोमध बसते आणि बोल्टला दोन्हीकडून आधार मिळतो. एकाच कानावर लटकलेला बोल्ट मला स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनमध्ये कुठेही मान्य नाही. चॅसिसच्या गोल आडव्या नळीवर बसणाऱ्या कडा कानशीने घासत गेलो. आत उजेडाची फट दिसेनाशी झाली, तेव्हाच टॅक मारला. फट भरायला ओतलेला धातू थंड होताना आकसतो आणि कानांना आपल्याकडे ओढतो. म्हणून दोन कानांमध्ये दांडीच्या टोकातल्या बुशाच्या (नळीसारख्या अस्तराच्या) रुंदीचा ठोकळा बोल्टने आवळून ठेवला आणि वेल्डिंग आलटून-पालटून, थोडे थोडे केले.

आडव्या स्प्रिंगची टोके ॲक्सलला जोडणाऱ्या झुलत्या कड्या, म्हणजे शॅकल, गाडीच्या वजनाखाली सुमारे ४५ अंशांत असाव्यात. शॅकल झुलतात, त्यामुळे चॅसिस ॲक्सलवर डावी-उजवीकडे सरकू शकते. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) आडवी असेल, तर चाक वळण्याऐवजी आधी चॅसिसच सरकते आणि हाताला स्टिअरिंग ढिले लागते. पॅनहार्ड रॉड, म्हणजे चॅसिस आणि ॲक्सल यांना जोडणारा आडवा दांडा, हे सरकणे थांबवतो. तो ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्यतो तिच्याच लांबीचा हवा, शिवाय त्याचे चॅसिसकडचे टोक स्टिअरिंग बॉक्सच्याच बाजूला हवे. असे केले की दोघांची टोके सारख्याच कमानीत फिरतात आणि खड्ड्यात चाके आपोआप वळत नाहीत.

सध्या सगळे टॅकवर उभे आहे. स्प्रिंग काढून ठेवली असून एकेका बाजूला जॅक लावून ॲक्सल वर-खाली दोन्ही टोकांपर्यंत हलवून पाहत आहे. कुठे बुश अडकतो, ड्रॅग लिंक कशाला घासते आणि पूर्ण वळणावर ब्रेकची नळी किती ताणली जाते, हे तपासून झाल्यावरच पूर्ण वेल्डिंग होईल. टो-इन (चाकांचा पुढून आत वळलेला कल) शेवटी, चाके जमिनीवर आल्यावर, १.५ ते ३ मिलिमीटरच्या दरम्यान बसवायचे आहे. बोल्टांना क्रोम करणार नाही, कारण मुलामा चढवताना उच्च शक्तीच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते.