जळणाचा ठराव कुणी मांडायचा?

जूनमध्ये पाऊस लागला की आमच्या कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, त्यातही जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, कोरडं जळण म्हणजे श्रीमंती. मे महिन्यात ज्यांची पडवी आढ्यापर्यंत भरली ते निर्धास्त. एकटी म्हातारी किंवा रोजगाराला जाणारी बाई असलेल्या घरात ऑगस्टमध्ये चुलीत जाळ कमी, धूर जास्त. गावच्या दूध डेअरीचं दप्तर माझ्याकडे आहे, म्हणून सकाळी दूध घालायला येणाऱ्या बायकांकडून हे कानावर पडतं.

कागदोपत्री ही घरं धुरातून सुटलीत. २०१६च्या उज्ज्वला योजनेतून गॅस आला. “टाकी हाय खरं, ती च्याला आणि पोरांच्या डब्याला,” असं एक काकू म्हणाल्या. सबसिडी खात्यावर नंतर येते. भरलेली टाकी घेताना पूर्ण रक्कम हातात लागते. आणि आंघोळीचा हंडा? पावसाळ्यात आमच्याकडे लाकडाचा मोठा वाटा तिथंच जातो. तो कुठल्याच योजनेच्या हिशेबात नाही.

मग विजेवर करा म्हणावं, तर कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेची गंमत ऐका. ‘२०० युनिट फुकट’ सगळ्यांना पाठ आहे. प्रत्यक्षात तुमच्या २०२२-२३च्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ, एवढंच फुकट. अगदी कमी वापरणाऱ्यांना पुढे दहा टक्क्यांऐवजी १० युनिट वाढवून दिले. दोन हजार वॅटची शेगडी पाच तास चालली की ते १० युनिट संपले! ज्यानं गरिबीमुळे दिवा कमी जाळला, त्याला फुकटची वीजही कमी.

हे सगळं दिल्ली-बंगळूरचं. पण ७३व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली, त्यात बारावा विषय ‘इंधन आणि चारा’ आहे. चाऱ्यासाठी लोक पंचायतीत भांडतात, मीही भांडलोय. इंधनाचा ठराव आमच्या ग्रामसभेत आलेला मला आठवत नाही. गटार, रस्ता, पथदिवे, चहा, सही. पंधराव्या वित्त आयोगानं पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के पैसा पाणी-स्वच्छतेला बांधला होता, उरलेला ४० टक्के अशाच गरजांसाठी मोकळा होता. तो गेला काँक्रीटमध्ये.

गोबरगॅसचं नाव लगेच निघतं. दोन घनमीटरच्या प्लँटला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. आमच्या डेअरीत बहुतेकांची एकच म्हैस. म्हणजे प्लँट जाणार मोठ्या खातेदाराकडे, ज्याची टाकी कधी अडत नाही. त्यापेक्षा बंगळूरच्या विज्ञान संस्थेत तयार झालेली ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) मला बरी वाटते: धुराडं आहे, लाकूड कमी लागतं, गावचा गवंडीही शिकला तर बांधेल. गायरानात जळणाची झाडं आणि गावात एक कोरडी शेड, एवढं पंचायतीच्या आवाक्यात नक्की आहे.

मात्र आधी यादी हवी. कुणाची टाकी किती दिवस रिकामी पडते, कुणाकडे पावसाळ्याचं जळण नाही, हे वॉर्ड सभेत बायकांनाच विचारायला हवं, तेही मराठीत. नोटीस कन्नडमध्ये चिकटवली की त्या येतच नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब “आमच्या अखत्यारीत नाही” म्हणाले, तर त्या २९ विषयांची झेरॉक्स काढून ठेवली आहे. कन्नडमधली.