उलटं दिसणारं वळण

काचेवर नदी उलटी दिसते. मोठ्या फॉर्मॅटच्या कॅमेऱ्याची ही खोडच. डोक्यावर काळं कापड ओढायचं आणि दुधी काचेवर भिंग टेकवून चित्र तपासायचं: खडक वर, आकाश खाली. श्वासाची वाफ काचेवर धरली की नदीवरचं धुकं कोणतं आणि आपलं कोणतं, ते पुसल्याशिवाय कळत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया राज्यातल्या फ्रँकलिन नदीवर छायाचित्रकार पीटर डोम्ब्रोव्हस्कीस असाच लिनहॉफ कॅमेरा घेऊन गेला. ४ बाय ५ इंचांची सुटी फिल्म, एका होल्डरमध्ये दोनच. लेन्स जरा पुढे झुकवली की पायाजवळच्या दगडापासून पलीकडच्या काठापर्यंत सगळं रेखीव येतं. तरी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ३२ पर्यंत बारीक करावं लागतंच. प्रकाश मोजणारा मीटर ४ सेकंद म्हणाला तर ६ ते ८ द्यायचे, कारण लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते. तेवढ्यात पाण्याचं रेशीम होतं, आणि वारा सुटला तर फर्नचा नुसता हिरवा डाग. स्लाइड फिल्मला कडक ऊन सोसत नाही. ढगाळ दिवस बरा. सगळं जमल्यावर, फोकससाठी उघडलेलं शटर मिटायचं राहतं आणि फिल्म झाकणारा होल्डरचा पत्रा ओढला जातो. गेली फिल्म!

डोम्ब्रोव्हस्कीसचा गुरू ओलेगास त्रुखानास. १९६७ च्या वणव्यात त्याचं घर स्लाइडांसकट जळालं. पुन्हा फोटो काढायला निघाला आणि जानेवारी १९७२ मध्ये गॉर्डन नदीत बुडाला. मृतदेह सापडला तो डोम्ब्रोव्हस्कीसलाच. त्याच वर्षी गुलाबी वाळूचं पेडर सरोवर धरणाखाली गेलं.

फ्रँकलिनही धरणाखाली जाणार होती; ती मात्र वाचली. डोम्ब्रोव्हस्कीसने टिपलेला तिच्या धुक्यातल्या वळणाचा फोटो १९८३ च्या निवडणुकीआधी वर्तमानपत्रांत पानभर छापला गेला, तोही रंगीत. ५ मार्चला धरण थांबवण्याचं वचन देणारा मजूर पक्ष जिंकला; १ जुलैला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी, धरण हवं असलेल्या राज्याविरुद्ध केंद्राची बाजू उचलून धरली. एका फोटोने सरकार बदललं, असं म्हणणं जरा जास्तच होईल. पण मतदाराने कधी न पाहिलेली नदी न्याहारीच्या टेबलावर आली, हे खरं.

फोटोत माणूस नाही. असल्या चौकटीत तो येऊच द्यायचा नसतो. मग बघणारा सहज म्हणतो, निर्जन, अस्पर्श. त्याच नदीकाठी कुटिकिना गुहा आहे. १९८१ मध्ये तिथे खणलं तर दगडी हत्यारं, वॉलबीची (छोट्या कांगारूसारख्या प्राण्याची) हाडं आणि चुलींची राख निघाली, सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची. धरणाच्या पाण्यात तीही गेली असती.