जोडी बदलली, काटा मागे पडला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. साताऱ्यात जुनी जीप बाळगणारा जो तो कधी ना कधी हेच विचारतो: "क्राऊन-पिनियनची जोडी बदलली आणि मीटर बिघडलं. मोबाईल ६० म्हणतो, काटा ४८ वर. केबल बदलू का?"

क्राऊन-पिनियन म्हणजे शाफ्टचे फेरे कमी करून चाकांना देणारी, अ‍ॅक्सलमधली दात्यांची जोडी. केबल ठणठणीत आहे, तिला हात लावू नका. जुन्या जीपचं मीटर चाक मोजतच नाही, ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) मागे जाणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजतं. विलीज सीजे-३बीची मूळ जोडी ५.३८ ची: क्राऊनला ४३ दाते, पिनियनला ८, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे; हाच रेशो. यवतेश्वरचा चढ ओढायला झकास, पण हायवेला इंजिन बोंबलतं. म्हणून समजा ४७-११ ची, म्हणजे ४.२७ ची जोडी टाकली. आता चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट कमी फिरतो आणि मीटर तेवढंच कमी दाखवतं. गाडी १०० किलोमीटर पळाली की नोंद ७९ ची. त्यावर अ‍ॅव्हरेज काढलंत तर गाडी उगाच बदनाम. काटा ६० वर असतो तेव्हा तुम्ही ७५ ने चाललेले असता, आणि ब्रेक तेच जुने ड्रमचे!

इलाज केबलच्या मुळाशी आहे. ती ट्रान्सफर केसमध्ये शिरते तिथे एक छोटी गरारी असते. तिचे दाते गुणिले नवा रेशो, भागिले जुना. १५ असतील तर १२ ची लागेल; दाते कमी, केबल जोरात. तसली गरारी मिळाली नाही तर केबलच्या मधे रेशो बदलणारी डबी बसते. मोठे टायर टाकायचे असतील तर ते आधी टाका. त्यांनीही काटा मागेच पडतो, मग गरारीचा हिशेब दोनदा करावा लागतो. शेवटी शेंद्रे ते नागठाणे किलोमीटरच्या दगडांवर ताडून बघा.

चाकांवरच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या नव्या गाड्यांत जोडी बदलल्याने काट्याला काही होत नाही, टायरनेच होतं.

ऑटोमॅटिकवाल्यांचा प्रश्न वेगळा. जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा ते गव्हर्नर नावाचा फिरता पुर्जा ठरवतो, आणि त्याला शाफ्टचाच वेग कळतो. त्यामुळे आधी ४० ला पडणारा गिअर आता ५० ला पडेल. मीटरची गरारी बदलून त्यात काडीचा फरक पडणार नाही. गिअर पडताना इंजिनाचे फेरे मात्र पूर्वीइतकेच असतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. कॉम्प्युटरवाल्या गाडीत जुना रेशो आत लिहिलेला असेल, तर चाकांचा आणि शाफ्टचा हिशेब जुळत नाही. गिअर अवेळी पडतात, दिवा लागतो. तिथे स्कॅनर लावून नवा आकडा भरून घ्यायचा, पाना उचलायचा नाही. आणि हाताने गिअर टाकणाऱ्यांनी काट्याकडे न बघता इंजिनाचा आवाज ऐकावा.

आता मी एक विचारतो: पुढच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधली जोडी बदललीत का? पुढे ५.३८ आणि मागे ४.२७ असताना फोर-व्हीलचा दांडा अजिबात ओढू नका. डांबरावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडतात आणि खर्च ट्रान्सफर केसचा निघतो.