बारवर जुना सेट

ऑलिंपिकचं वर्ष उलटलं की मुलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये नवं चक्र सुरू होतं. आंतरराष्ट्रीय महासंघाची नियमावली बदलते, तिच्यामागोमाग खालच्या वयोगटांचे कंपल्सरी सेट बदलतात, आणि आम्ही पंच मंडळी पुन्हा वही-पेन्सिल घेऊन चिन्हं गिरवायला बसतो. ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपल्सरी म्हणजे प्रत्येक साधनावरचा लिहून दिलेला एकच सेट. सगळ्या मुलांनी तोच करायचा, त्याच क्रमाने, सांगितलेल्या ठिकाणी दोन सेकंद थांबून. टीव्हीवर आपण बघतो ते ऐच्छिक सेट, ज्याने त्याने आपापल्या ताकदीप्रमाणे बांधलेले.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत मोठ्यांनाही कंपल्सरी होती. सांघिक गुणांचा निम्मा भाग तिच्यातून यायचा. त्यानंतर महासंघाने ती काढून टाकली. तोच तो सेट तासन्‌तास बघायला ना प्रेक्षक तयार होते, ना टीव्हीवाले. मला आजही त्याचं वाईट वाटतं. १९७६ मध्ये माँट्रियलला नादिया कोमानेचीला पहिले दहापैकी दहा मिळाले, ते कंपल्सरीत. ठरलेल्या साध्या हालचाली इतक्या शुद्ध करायच्या की पंचाला वजा करायला जागाच सापडू नये, याला काय लागतं हे बारवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. मोठ्यांची कंपल्सरी गेली, तरी लहान मुलांसाठी ती चीनने ठेवली, अमेरिकेने ठेवली, आपणही ठेवली. कारण आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं शरीर कंपल्सरीच घडवते. आज सेटच्या कागदावर जे लिहाल, तेच पुढची चार वर्षं गावोगावची पोरं रोज संध्याकाळी करत राहणार.

आमच्या राज्य पातळीवरच्या १० वर्षांखालील मुलांच्या नव्या सेटमध्ये दोन बदल मोठे होते. पहिला पॉमेल हॉर्सचा. घोडा जमिनीपासून ११५ सेंटीमीटर उंच, म्हणजे या वयाच्या पोराच्या जवळजवळ हनुवटीपर्यंत. त्यावर जुन्या सेटमध्ये मुलं एका पायाचे कट आणि सिझर करायची, म्हणजे एकेक पाय घोड्यावरून पलीकडे न्यायचा आणि पाय कात्रीसारखे फिरवायचे. अर्धी पोरं कड्यांना धरून नुसती लोंबकळायची. आता घोड्याऐवजी मश्रूम आलं. बुटक्या पायावर बसवलेला, फोम आणि रेक्झिनने मढवलेला गोल घुमट. त्यावर हात टेकून, दोन्ही पाय जुळवून सर्कल मारायची, म्हणजे पायांचा घुमटाभोवती पूर्ण फेरा, हात आळीपाळीने उचलायचे, मागून जाताना कंबर ताणलेली ठेवायची. पुढे घोड्यावर जे काही करायचं त्याचा पाया हाच आहे. शिवाय मश्रूम गावातला सुतारही बनवून देतो, त्यासाठी लाखांचं साधन मागवावं लागत नाही.

दुसरा बदल पॅरलल बारवर, म्हणजे दोन समांतर दांड्यांवर. जुन्या सेटमध्ये एल-सिटनंतर (हातांवर भार घेऊन पाय समोर आडवे ताणून धरायचे) शोल्डर स्टँड होता, म्हणजे दंड बारवर टेकवून उलटं उभं राहायचं आणि तिथून पुढे रोल. नव्या सेटमधून शोल्डर स्टँड आणि रोल दोन्ही काढले आणि त्याजागी मागच्या झोक्यातून सरळ हॅण्डस्टॅण्ड, म्हणजे ताणलेल्या हातांवर उलटं उभं राहणं, घातला. खेळाच्या दृष्टीने बदल बरोबरच आहे. बारवरची पुढची सगळी कामं हॅण्डस्टॅण्डमधून निघतात आणि हॅण्डस्टॅण्डमध्येच येऊन थांबतात. शोल्डर स्टँड शिकलेल्या मुलाला पुढे तो सोडावाच लागतो.

नव्या सेटवरची पहिली निवड चाचणी होती. मी पॅरलल बारच्या डी पॅनलवर होतो, म्हणजे एरवी सेटचा अवघडपणा मोजणाऱ्या पंचांमध्ये. कंपल्सरीत डी पॅनलचं काम वेगळं असतं. अवघडपणा मोजायचा नसतो, समोरचा मुलगा कागदाप्रमाणे करतोय ना, तेवढं बघायचं. वगळलेल्या घटकाचं पूर्ण मोल जातं. ई पॅनल फक्त सफाई बघतं. छोटी चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, पडला तर १.०.

सकाळपासून मश्रूमकडून टाळ्या ऐकू येत होत्या. मधल्या वेळेत सहज नजर गेली तर एक काटकुळा पोरगा सर्कल मारत होता. शहरातल्या मोठ्या क्लबची मुलं सातव्या-आठव्या सर्कलला कंबरेत मोडत होती. या पोराची शेवटची सर्कल पहिलीसारखीच होती, पाय जुळलेले, अंगठे ताणलेले, आणि मनगटांवरून भार एकीकडून दुसरीकडे अगदी सहज जात होता. शेजारचे पंच म्हणाले, "मल्लखांबाचं पोर दिसतंय." खांद्यांवरूनच कळत होतं. तालुक्याच्या गावातल्या शाळेचा संघ होता. त्याच्या सरांनी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या आणि ते मुलाच्या तळहातावर स्वतः मॅग्नेशियम, म्हणजे पकड सुटू नये म्हणून लावायची पांढरी पूड, चोळत होते.

तासाभराने तो आमच्या बारवर आला. मी हिरवा झेंडा दाखवला, त्याने हात वर केला, उडी मारून सपोर्टला, म्हणजे ताणलेल्या हातांवर, आला. झोका छान, खांदे पुढे न पाडता. एल-सिट. मी मनात एक हजार एक, एक हजार दोन म्हटलं; तो तिसऱ्यालाही स्थिर होता. पुढचा झोका घ्यायच्या जागी त्याने पाय फाकवून कंबर उचलली आणि सावकाश, कुठेही झटका न देता, शोल्डर स्टँडला गेला. दोन सेकंद. तिथून रोल. मग झोका आणि उतरला. उतरताना एक पाऊलही हललं नाही.

चारपाच वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून उचलून ठेवावा तसा जुना सेट होता तो. ई पॅनलच्या चिठ्ठ्या आल्या, एकाचीही वजावट सात दशांशांच्या वर नव्हती. त्या दिवशी बारवर एवढी सफाई दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि माझ्या कागदावर हॅण्डस्टॅण्डची जागा रिकामी. हॅण्डस्टॅण्ड नाही, त्यातून पुढे येणारा झोका नाही, आणि न मागितलेले दोन घटक जास्त.

माझ्याबरोबरचे पंच हळहळले. "नवीन पीडीएफ पोचली नसणार यांच्यापर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेतरी अडकली असेल." मुख्य पंचांना बोलावलं. मुलाला पुन्हा संधी द्यावी का, असं एकाने सुचवलं. पण साधन मोडलं किंवा बाहेरचा अडथळा आला तरच सेट पुन्हा करता येतो. शिवाय बाकीच्या मुलांनी नव्या हॅण्डस्टॅण्डवर घाम गाळलेला. मुख्य पंच म्हणाले, "कागदाप्रमाणे द्या." मला ते पटलं. गुण लागले. मश्रूमनंतर दुसऱ्या नंबरावर असलेला पोरगा पार खाली गेला. त्याच्या सरांनी फलकाकडे पाहिलं, मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला रिंगकडे घेऊन गेले. डी गुणांवर हरकत घेण्याचा हक्क त्यांना होता, पण ते आले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मीच त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "सर, नवा सेट तुम्हाला मिळाला नाही का? तसं असेल तर मी वर लेखी कळवतो."

ते म्हणाले, "मिळाला ना सर. मश्रूम बघितलंत की. आमच्या सुताराकडून करून घेतलं. बारचाही कागद पाठ आहे मला." मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी एक फोटो दाखवला. शाळेच्या मागची पत्र्याची शेड. तिच्यात लोखंडी पॅरलल बार, चारही पाय काँक्रीटमध्ये गाडलेले. "बार आमच्या आधीच्या सरांनी गाडलेत. शेड नंतर झाली, आमदार निधीतून. पोरगा बारवर हॅण्डस्टॅण्डला गेला की टाचा पत्र्याला लागतात. एकदा दुसऱ्या एका पोराच्या लागल्या, तो घाबरून वाकडा पडला. तेव्हापासून बंद केलं. जमिनीवर हा पोरगा हॅण्डस्टॅण्डला मिनिटभर उभा राहतो. पण बारवरून, एवढ्या उंचीवरून, झोक्यातून त्याने तो कधीच केलेला नाही. आज पहिल्यांदा इथे करायला लावला असता आणि पलीकडे पडला असता तर? मार्क गेले तर गेले. मी त्याला सांगितलं, तुला जे येतं ते स्वच्छ कर."

मी हिशेब केला. त्यांचे गाडलेले बार साधारण साडेपाच फूट. त्यावर हात ताणून उलटा उभा राहिलेला नऊ वर्षांचा मुलगा आणखी सव्वापाच फूट. पत्र्याची कड दहा फुटांवर. कागदावर एका ओळीचा बदल होता, पण त्या ओळीला लागणारी उंचीच त्या शाळेत नव्हती.

यात मुलाचं काय चुकलं, सरांचं काय चुकलं? त्यांनी त्या दिवशी हॉलमधला सर्वात शहाणा निर्णय घेतला होता असं मी मानतो. वजावट मी केली आणि पुन्हा अशी वेळ आली तर तशीच करीन, कारण पंचाने कागद सोडला तर कंपल्सरीला अर्थच राहत नाही. पण कागद लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे. सेट ठरवताना आपण शहरातला हॉल डोळ्यांसमोर ठेवतो, जिथे बार पाहिजे तसे वरखाली होतात, खाली जाड मॅट असते, धरायला दोन प्रशिक्षक असतात. मश्रूम आणताना आपण बरोबर उलटा विचार केला. साधन लहान केलं, स्वस्त केलं, आणि बघा, तालुक्याचा पोरगा पहिल्याच वर्षी शहराच्या बरोबरीने आला. हाच विचार बारवर का झाला नाही? या वयाला बार स्पर्धेच्या उंचीवर हवेतच कशाला? गुडघ्याएवढ्या उंचीच्या बुटक्या बारवर तोच झोका, तोच हॅण्डस्टॅण्ड ठेवता येतो. पाय जमिनीला लागू नयेत म्हणून सुरुवात गुडघे पोटाशी आखडून घेतलेल्या झोक्याने करायची. पडला तरी पोरगा मॅटवर पायांवर येतो. असे बार लोखंडी पाइप वाकवून कोणताही वेल्डर करून देईल.

माझ्या अहवालात मी हेच लिहिलं. १० वर्षांखालच्या मुलांसाठी बुटके बार. बदल लागू व्हायच्या आधी एक पूर्ण वर्ष. आणि सेटबरोबर लागणाऱ्या साधनांची मापं, छताच्या उंचीसकट. तांत्रिक समितीतल्या एका ज्येष्ठांनी फोनवर शंका काढली, की बुटक्या बारवर शिकलेली मुलं पुढे उंच बारवर घाबरतील. मी म्हटलं, मश्रूमवर शिकलेली मुलं घोड्यावर घाबरत नाहीत, उलट लवकर शिकतात. त्यावर ते म्हणाले, बैठकीत ठेवू. विषय अजून बैठकीत आहे.

एक गोष्ट मात्र मला त्या दिवशीपासून खुपते. तो पोरगा शोल्डर स्टँडला गेला तेव्हा त्याचं शरीर खांद्यापासून अंगठ्यापर्यंत एका रेषेत होतं. अशी रेषा शिकवायला आम्हा शहरी प्रशिक्षकांची दोन-दोन वर्षं जातात. या वर्षी राज्याच्या संघात ती रेषा नाही. फक्त बारवर गमावलेल्या गुणांमुळे तो संघाबाहेर राहिला. बाकीच्या पाच साधनांवर तो निवडलेल्या मुलांच्या आत होता.

मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. मुख्याध्यापकांनी बारच्या वरचे दोन पत्रे काढायला परवानगी दिली, पावसाळ्यात ताडपत्री टाकायच्या बोलीवर. पत्रे निघालेही. त्यांना विचारायचं होतं, आता खाली मॅट किती जाडीची हवी. मी म्हटलं, २० सेंटीमीटरची लँडिंग मॅट, आणि दोन्ही बारच्या बाहेरच्या बाजूलाही घाला, पोरं पहिल्यांदा बाजूलाच पडतात. आमच्या ओळखीचा एक क्लब मॅट बदलतोय, त्यांच्या जुन्या दोन मॅट चांगल्या आहेत. टेम्पोचं भाडं कोण देणार, एवढंच ठरायचं राहिलंय.